रात्र काळी का? एका हौशी विश्वचिंतकाचे अनुमान



विश्वाच्या उत्पत्तीविषयी तर्क लढविण्यासाठी पदरी दुर्बीण असावीच लागते, असे हौशी विचारवंतांनी कधी मानले नाही. ३ फेब्रुवारी १८४८ च्या वादळी रात्री न्यूयॉर्कच्या सोसायटी लायब्ररीत एडगर ॲलन पो या कवी-कथाकाराने विश्वरचनेवर व्याख्यान दिले. नियोजित मासिकासाठी निधी उभारणे हा त्यामागील हेतू. श्रोते मात्र जेमतेम साठ! (ग्रंथालयांच्या व्याख्यानमालांना हा अनुभव अपरिचित नाही.) त्याच वर्षी तो विषय ‘युरेका’ या नावाने ग्रंथरूप झाला. ५०,००० प्रती काढाव्यात अशी पोची सूचना. प्रकाशक पटनम यांनी ५०० काढल्या.

प्रतिपादन असे, की आरंभी एकच आदिकण होता. ईश्वरी संकल्पाने त्याचे द्रव्य एका मर्यादित गोलात विखुरले आणि गुरुत्वाकर्षणाने ते अखेरीस पुन्हा एकत्वात विलीन होईल. १९३१ मध्ये लमेत्र यांनी मांडलेल्या आदिअणूशी याचे साम्य सहज जाणवते. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. लमेत्र यांच्यापाशी आइन्स्टाइनची समीकरणे आणि दीर्घिकांच्या वेगांची मोजमापे होती. पोपाशी होता अंतःप्रज्ञेवरील अढळ विश्वास. शिवाय १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे आढळले, आणि त्या पुनर्मीलनाचा आधार क्षीण झाला.

ग्रंथाचे खरे मोल एका छोट्या उताऱ्यात आहे. तारे अनंत असतील, तर रात्र काळी का? घनदाट अरण्यात कोठेही पाहिले तरी दृष्टी कोणत्या ना कोणत्या बुंध्यावर अडते; त्याचप्रमाणे आकाशाचा प्रत्येक बिंदू ताऱ्याने उजळलेला दिसावयास हवा. ओल्बर्स यांनी १८२३ मध्ये याचे उत्तर दिले होते, की मधले द्रव्य प्रकाश शोषून घेते. ते टिकत नाही, कारण असे द्रव्य कालांतराने तापून स्वतःच प्रकाशू लागेल. पोने सुचविले, की अतिदूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत अद्याप पोहोचलेलाच नाही. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे ठरल्यानंतर आजचेही उत्तर मुख्यतः हेच आहे.

ॲरिस्टॉटल व बेकन यांच्या पद्धतींची याच ग्रंथात थट्टा करणाऱ्या लेखकाला यश लाभले ते नेमके तेथे, जेथे त्याने साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या अंधाराला जाब विचारला. या उत्तराला आकडेमोडीचे बळ केल्व्हिन यांनी १९०१ मध्ये दिले. पोच्या त्या उताऱ्याचे श्रेय एडवर्ड हॅरिसन या खगोलशास्त्रज्ञाने १९८७ च्या आपल्या ग्रंथात आवर्जून नोंदविले. पोने मात्र ‘युरेका’च्या शीर्षकाखाली ‘गद्यकाव्य’ असेच छापविले होते.