आधी हातावर, मग तोंडावर

(घणसोली गावात महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला. तेलकट आणि नाजूक कातडीला काय लावावं! इथे आपण रेशन, पाणी, दारू, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडात बहिणींचं नाव लागतं की नाही, असल्या गोष्टींवर बोलतो. त्यात हे क्रीम-पावडरचं कुठून आलं? पण गेल्या काही महिन्यांत मुलींनी, आणि त्यांच्या आयांनीही, मला जे प्रश्न कोपऱ्यात नेऊन विचारले, त्यांत हा सगळ्यात जास्त वेळा आला. बघायला येणार आहेत आणि तोंडभर पुटकुळ्या आहेत. कॉलेजात पोरं चिडवतात. क्रीम लावलं की आग होते, नाही लावलं तर आणखी फुटतं. बायका जे कोपऱ्यात विचारतात ते बैठकीत आणायचं, ही आपली जुनी रीत. म्हणून आज हे.

आधी शरीराचं बघू. त्वचेखाली तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना संप्रेरकं वाढली की त्या जास्त तेल सोडतात, पाळीच्या आधीही काहींना हा त्रास वाढतो. भोकं बुजतात, आत जंतू वाढतात, पुटकुळी येते. यात अस्वच्छपणा नाही, पापही नाही आणि ‘अंगातली उष्णता’ही नाही. नाजूकपणा ही वेगळी गोष्ट. त्वचेचा वरचा थर एखाद्या भिंतीसारखा असतो. त्या भिंतीला चिरा पडल्या की साधं पाणीसुद्धा झोंबतं. एकाच तोंडावर दोन्ही असू शकतं. आपण मात्र तेलकट म्हणजे जाड, म्हणजे घासायला हरकत नाही, असं धरून चालतो. खाडीकाठची दमट हवा, घाम, बाजारात टोपली घेऊन उन्हात बसणं, कंपनीत दिवसभर तोंडाला मास्क. घरी आल्यावर साबणाने दोनदा खसखसून धुतल्याशिवाय बरं वाटत नाही. तेल जातं, भिंतही जाते.

शाळेच्या प्रयोगशाळेतून मी या पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या आणल्या आहेत. आपल्या त्वचेचा पीएच साधारण पाचाच्या आसपास असतो, म्हणजे किंचित आंबट. आता ही पट्टी अंगाच्या साबणाच्या पाण्यात. बघा, निळीकडे गेली. नेहमीचा साबण नऊ-दहावर असतो. ही लिंबाच्या रसात: लालभडक, दोन-अडीच. ही खाण्याच्या सोड्यात: आठाच्या पुढे. म्हणजे ‘घरचं आहे, त्याने काय होतंय’ म्हणत आपण पोरीच्या तोंडावर एक दिवस लिंबू चोळतो आणि दुसऱ्या दिवशी सोडा. लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. टूथपेस्टने पुटकुळी सुकते खरी, पण भोवतालची कातडीही भाजते. मुलतानी माती लावायची तर तडकेपर्यंत ठेवू नका. आणि खोबरेल, ज्यावर आपला फार जीव, ते केसांतून कपाळावर ओघळतं तिथेच बारीक पुरळ उठतं. रात्री तेल लावलं तर कपाळाला फडकं बांधा, उशीचा अभ्रा बदलत जा.

आता बाजाराकडे. ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली १९७५ साली. १९९४ मध्ये आपल्या दोन मुली एकाच वर्षी जगत्‌सुंदऱ्या झाल्या आणि नंतरच्या काळात गल्लीगल्लीत ब्यूटी पार्लरं निघाली. काळी म्हणून नोकरी नाही, गोरी झाली की नोकरी आणि नवरा दोन्ही, अशा जाहिरातींविरुद्ध जनवादी महिला संघटनेने २००२ मध्ये तक्रारी केल्या, आणि २००३ मध्ये त्यातल्या जाहिराती पडद्यावरून गेल्या. २०२० मध्ये कंपनीने नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. नाव बदललं; स्थळ बघायला येणाऱ्यांची नजर कितपत बदलली, ते तुम्हीच सांगा.

पण मला जास्त भीती वाटते ती जाहिरात न करता विकल्या जाणाऱ्या ट्यूबची. मेडिकलवाला म्हणतो, ‘हे लाव ताई, आठ दिवसांत फरक.’ आणि फरक पडतो! पुटकुळ्या बसतात, तोंड उजळतं, शेजारीण तीच ट्यूब आणते. कारण आत स्टेरॉईड असतं. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसतात, लव वाढते, पुटकुळ्या दुपटीने येतात. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून ती पुन्हा लावते. जी कातडी आपण ‘जन्माचीच नाजूक’ म्हणतो, ती कित्येकदा अशी घडवलेली असते. आपल्या देशात हे इतकं पसरलं की त्वचारोगतज्ज्ञांना त्यासाठी ‘स्टेरॉईडने बिघडलेला चेहरा’ असं वेगळं नावच द्यावं लागलं. २०१८ मध्ये सरकारने अशा १४ स्टेरॉईडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ट्यूब मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही लिहिलंय का बघा. असेल तर ती एकदम फेकूनही देऊ नका. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ते टप्प्याटप्प्याने सोडवतात.

दुसरं विष पाऱ्याचं. पारा त्वचेचा रंग बनणं थांबवतो, म्हणून गोरेपणाच्या क्रीममध्ये चोरून घालतात. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा माग त्या वापरत असलेल्या क्रीमपर्यंत लागला. त्यात पारा होता. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण सापडले. त्यातल्या १३ जणांनी गोरेपणाची क्रीमं वापरली होती. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे तोंडाच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, आणि तोही नकळत आलेला. डबीवर ‘पारा’ असं कोणी छापत नाही. म्हणून बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत शोधा. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. नसेल तर ती डबी घरात नको, मग पार्लरवाली कितीही गोड बोलो.

घटकांची यादी इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते. ही भाषाच आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी आहे असं मला कधीकधी वाटतं. तरी मुलीला मोबाईलवर फोटो काढून मोठा करायला सांगा. जे जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्यांचा क्रम मात्र कसाही. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दामागे डझनावारी रसायनं लपतात. नाजूक कातडीने ते टाळावं. ‘नॅचरल’, ‘हर्बल’ हे शब्द पाहून फसू नका. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे भोकं न बुजवणारं. शब्द उपयोगी, पण त्यामागे कुठली सरकारी तपासणी नाही.

लागतं फार थोडं. सौम्य, बिनवासाचा फेसवॉश दिवसातून दोनदा. तेल नसलेलं हलकं मॉइश्चरायझर. हो, तेलकट कातडीलाही लागतं. उन्हात काम असेल तर सनस्क्रीन. पुटकुळ्यांसाठी सॅलिसिलिक ॲसिड किंवा अडीच टक्क्यांचं बेंझॉईल पेरॉक्साईड, एक दिवसाआड. दुसऱ्याने टॉवेलाचा रंग उडतो, सांभाळा. दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधी काही लावू नका. रेटिनॉईड तर नाहीच. पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि पंचविशीनंतरही जबड्यावर पुटकुळ्या, असं एकत्र असेल तर क्रीमचे पैसे वाचवून स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

आणि तपासणी. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागी, रोज दोनदा, सात ते दहा दिवस. धुऊन टाकायचं असेल तर तोंडावर जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ. लाली, खाज, फोड आले नाहीत तर जबड्याच्या कडेला थोडं, मग सगळीकडे. एका वेळी एकच वस्तू. तीन एकदम आणल्या तर गुन्हेगार कोण ते कळणार नाही. पुटकुळ्यांवरच्या औषधाला सहा-आठ आठवडे द्या. कॅलेंडरवर दुधाची खाडाखोड करतो तशी खूण करा. हातावर चाललेलं तोंडावर चालेलच असं नाही, पण हातावर न चाललेलं तोंडावर नक्की नको. खर्चाचा प्रश्न आहेच. आम्ही मंडळात एक लहान ट्यूब विकत घेतो आणि दहा जणी आपापल्या हातावर तपासतो. डबी असेल तर बोट न घालता चमच्याने काढायचं.

एक हक्क फार कमी जणींना ठाऊक आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणीही व्यक्ती, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, विकत घेतलेलं प्रसाधन फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते आणि अहवाल मिळवू शकते. म्हणून पावती मागा. दुकानदार ‘एवढ्याशाला कसली पावती’ म्हणेल; तरी मागा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, फसवणुकीची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवरही.

पुढच्या बैठकीला येताना घरात असलेली प्रत्येक ट्यूब, डबी, पुडी पिशवीत घालून आणा, सासूने लपवलेलीसुद्धा. ज्यांच्यावर पत्ता नाही त्या वेगळ्या काढू, आणि कलम २६ खाली आधी कुठली पाठवायची ते तिथेच ठरवू. पट्ट्या अजून अर्ध्या शिल्लक आहेत.