फितीत आहे तेवढंच



वरोरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात आपलं हे व्हिडिओ शूटिंगवाल्यांचं संमेलन भरलं आणि अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याचा आनंद आहे. आभारात वेळ न घालवता मुद्द्यावर येतो. लग्नाची जुनी कॅसेट घेऊन गिऱ्हाईक येतं, ‘एचडी करून द्या’ म्हणतं आणि आपण होकार देतो. मला या होकाराबद्दल बोलायचं आहे.

ॲनालॉग फितीवर एचडी मावतच नव्हतं, असा आपल्यातल्या अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. 1993 मध्ये जेव्हीसीने जपानच्या हाय-व्हिजन या ॲनालॉग एचडी प्रक्षेपणासाठी डब्ल्यू-व्हीएचएस आणलं. फितीची रुंदी तीच अर्धा इंच, कॅसेटही व्हीएचएसएवढीच. तिच्यावर 1125 रेषांचं चित्र अंकांत न बदलता उतरत होतं. त्यासाठी धातुकणांची खास फीत होती आणि उजेड-रंगाचे संकेत वेगवेगळे ठेवले जात. साध्या व्हीएचएसमध्ये रंग खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणून दाबून बसवतात. नवरीच्या शालूचा लाल रंग काठाबाहेर पसरतो तो त्यामुळेच.

ते यंत्र आपल्याकडे रुजलं नाही. त्याला लागणारं प्रक्षेपणच इथे नव्हतं. दूरदर्शनचं एचडी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी आलं, तेही डिजिटल. तोवर जपाननेही ॲनालॉग हाय-व्हिजन बंद केलं होतं.

आपल्याकडच्या कॅसेटींत 625 रेषांचं पाल चित्र आहे आणि आडवा बारकावा जेमतेम 240 रेषांचा. वरोर-वाढवणच्या डायमेकिंग कारागिरांना हे समजावून सांगावं लागणार नाही: साच्यात कोरलं नाही ते दागिन्यात उमटत नाही. एआयचं सॉफ्टवेअर मात्र उमटवतं. आजीच्या चेहऱ्यावर तिच्या नसलेल्या पापण्या काढतं आणि आपण त्याला सफाई म्हणतो.

या किनाऱ्यावर ही बाब केवळ हौसेची नाही. 1998 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने वाढवण बंदर नाकारलं. 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. या दोन निर्णयांमधल्या काळात कुणी मोर्चा टिपला असेल, कुणी नारळी पौर्णिमा, कुणी पाड्यावरचा तारपा. कुणाच्या वरातीच्या चित्रात मागे नुसता किनारा आला असेल. उद्या बंदर झाल्यावर हा किनारा कसा होता, असं कुणी विचारलं तर फीत पुरावा ठरेल. सॉफ्टवेअरने रंगवलेले खडक पुरावा ठरणार नाहीत.

म्हणून माझं मागणं आहे: पिवळ्या कॉम्पोझिट पिनेऐवजी जमेल तिथे एस-व्हिडिओने, टाइम बेस करेक्टर लावून, सेकंदाला 50 फील्ड जशीच्या तशी उतरवा. ती मूळ प्रत गिऱ्हाइकाला आधी द्या. सजवलेली प्रत हवी तर वेगळी करा आणि तिच्यावर तसं लिहा. बुरशी आलेली कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड जाईलच, पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल.

युनेस्कोच्या 2019 च्या इशाऱ्यात अशा फिती उतरवून घेण्यासाठी 2025 ही मुदत सांगितली होती. ती उलटली. फुनाई कंपनीने 2016 मध्येच व्हीसीआर बनवणं थांबवलं, आता नवे मिळणार नाहीत. ज्यांच्याकडे चालू व्हीसीआर आहे, त्यांनी जाण्याआधी नाव आणि गाव लिहून द्यावं. पावसाळ्याआधी गावोगावच्या कॅसेटी त्यांच्यापर्यंत पोचवण्याचं काम आपण सगळे वाटून घेऊ.