कच्चे लिंबू



आपल्या मुलांच्या खेळांत एक जुना आणि मोठा शहाणा कायदा आहे. चार-पाच वर्षांचे एखादे पोर थोरल्या भावाचा सदरा धरून अंगणात येते आणि ‘मला पण घ्या’ म्हणून हट्ट धरते. त्याला धड पळताही येत नाही. घ्यावे तर खेळ बिघडतो, न घ्यावे तर ते भोकाड पसरते. मग कोणीतरी म्हणते, “घ्या रे त्याला, तो कच्चं लिंबू!” झाले! आता ते पोर सगळ्यांबरोबर धावेल, ओरडेल. पण पकडले गेले तरी बाद होणार नाही आणि त्याच्यावर राज्यही येणार नाही. हा कायदा कोणा पंचाने केला नाही, मुलांनीच केला. आणि तो केला कशासाठी? तर कोणी बाहेर राहू नये आणि खेळही मोडू नये, यासाठी.

विटीदांडूचेच पाहा ना. वकट, लेंड, मूंड, नाल ही त्यातली मोजणी. तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या आकड्यांशी तिचे नाते उघड दिसते. पण यातला कोणता टोला पायावरून मारायचा आणि कोणता मुठीवरून, हे गावोगाव वेगळे. सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या मुलाने पहिल्या दिवशी काय करायचे, तर तिथली रीत विचारून घ्यायची. दहा मिनिटे कडाक्याचा वाद होतो, मग तडजोड होते आणि मग संध्याकाळपर्यंत खेळ रंगतो.

आपला हुतूतूसुद्धा एके काळी असाच होता. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी जिवंत व्हायचा. गामिनीत एकदा मेलेला, सगळा संघ बाद होईपर्यंत मेलेलाच. आणि अमरमध्ये कोणी मैदान सोडायचेच नाही, नुसता गुण मोजायचा. पुढे जाणत्या मंडळींनी रेघा आखल्या, गडी सात ठरविले, नियम छापले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला स्थान मिळाले, आणि २०१० साली ग्वांगझूला स्त्रियांच्या कबड्डीलाही. सातारचा गडी आणि जपानचा गडी समोरासमोर उभे राहायचे, तर रेघ कुठे, हे आधी ठरायलाच हवे. तेव्हा नियमांना नावे ठेवायला मी इथे बसलेली नाही, बरे का!

मला म्हणायचे आहे ते निराळेच. सामन्याचा नियम असतो तो कोण जिंकले हे ठरविण्यासाठी. अंगणातला नियम असतो तो खेळ चालू राहावा म्हणून. पहिला नियम दुसऱ्याच्या जागी आणून बसविला की घोटाळा होतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी क्रिकेटचे शिबिर भरले होते. शिट्टी, गणवेश, दोन संघ, शेवटी ढाल. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा रोज कडेला बसून धावा लिही. एकदा मी विचारले, “तू का रे खेळत नाहीस?” तो म्हणाला, “मी असलो की आमची टीम हरते.” हे त्याने अगदी शांतपणे सांगितले. रागावून सांगितले असते, तर मला इतके वाईट वाटले नसते.

पण शिबिराची वेळ संपली की तीच मुले तिथेच पुन्हा खेळायला लागत. चपलांचा ढीग हा यष्टी. एका टप्प्यावर एका हाताने झेलला तर आउट. भिंतीपलीकडे गेला तरी आउट, कारण पलीकडचे आजोबा चेंडू परत देत नसत. त्या खेळात हा मुलगाही असे, आणि पहिल्या चेंडूवर गेला तर त्याला आणखी एक चेंडू मिळे. मुले तीच आणि मैदानही तेच. पण इथे नियम मुलांच्या मापाने बेतलेले होते.

कोणी म्हणेल, “अशाने मुलांना फसवणुकीची सवय लागेल.” तसे नाही हो. रडीचा डाव मुले क्षणभर खपवून घेत नाहीत. आपल्या एकट्याच्या फायद्यासाठी गुपचूप नियम मोडणे, ही रडी. सगळ्यांनी मिळून, सगळ्यांच्या देखत नियम सैल करणे, हा समंजसपणा. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने जिनिव्हा आणि न्यूशातेल इथल्या मुलांचा गोट्यांचा खेळ बारकाईने पाहिला आणि १९३२ साली त्यावर लिहिले. लहान मुलांना नियम अगदी पवित्र वाटतात, त्यात बदल करणे त्यांना पटत नाही. आणि तरीही ती ते सर्रास मोडतात. दहा-बारा वर्षांच्या सुमारास मुलांना कळते, की नियम आपणच ठरवतो आणि सर्वांच्या संमतीने बदलूही शकतो. आणि गंमत अशी, की तेव्हाच ती ते मनापासून पाळू लागतात.

आता आपण मोठी माणसे. आपण खेळायचे सोडतो ते गुडघे दुखतात म्हणून थोडेच! चांगले खेळता येत नाही, लोक हसतील, म्हणून सोडतो. आणि मग खेळ नुसते पाहत बसतो. पण घरात झब्बूचा डाव मांडायला काय लागते? मंगळागौरीच्या रात्री फुगडी घालणाऱ्या दोघींपैकी कोण जिंकते, असे कधी कोणी विचारले आहे का? दोघी एकमेकींच्या हातांवर भार टाकून गरगरतात आणि दम लागला की हसत खाली बसतात. तिथे गुण कशाचे मोजायचे?

तेव्हा या रविवारी संध्याकाळी शिट्टी न घेता अंगणात उतरा. तिथे मुलांचा खेळ चाललेला असेल. त्यांना शिकवू नका. ‘मला पण घ्या’ एवढेच म्हणा. मुले आधी तुमच्याकडे संशयाने पाहतील, मग आपसांत कुजबुजतील, आणि बहुधा तुम्हाला कच्चे लिंबू करतील. तो मान आनंदाने घ्यावा.