अमर्याद योजनेची मिरास



जुन्या काळी आपल्या गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. एक मिरासदाराचा आणि दुसरा उपऱ्याचा. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित. ठरलेला सारा तो भरीत असे तोवर त्याला तेथून सहसा कोणी उठवीत नसे. उपरी हा बोलीने आलेला. मुदत संपली की नव्या अटी मान्य करणे किंवा दुसरे गाव धरणे एवढेच त्याच्या हाती उरे. २०१० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील मोबाईल ग्राहकांमध्ये असेच दोन वर्ग निर्माण झाले. ज्यांच्यापाशी 'अमर्याद डेटा'ची जुनी योजना होती ते जणू मिरासदार आणि मागाहून आलेले, मोजून मापून डेटा विकत घेणारे, ते उपरी. मिरासदारांपुढे मात्र एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला. हातातील फोन जुना झाला, नवा घेणे भाग आहे. पण नवा घेताना जुनी योजना हातची जाऊ द्यावयाची नाही, हे कसे साधावे? लाखो ग्राहकांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्यांचा अनुभव करारमदाराशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

अमर्याद योजना का आल्या आणि का गेल्या?

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत आयफोन विक्रीस आला. त्याची सेवा तेथे केवळ ए. टी. अँड टी. या कंपनीकडे होती. खिशातील यंत्रावर इंटरनेट वापरण्याची लोकांना सवय नव्हती. ती लागावी म्हणून कंपन्यांनी दरमहा ठराविक रकमेत वाटेल तेवढा डेटा देऊ केला. पुढे ही रक्कम महिना ३० डॉलरच्या आसपास स्थिरावली. पत्रव्यवहार पाहणे, नकाशा उघडणे, बातम्या वाचणे एवढाच वापर असल्यामुळे 'अमर्याद' म्हणून सांगण्यात कंपन्यांना फारसा धोका नव्हता. फोनवर चित्रफिती पाहिल्या जाऊ लागल्या तेव्हा हे गणित बदलले.

मोबाईलचा मनोरा आणि कालव्याची चारी यांत मोठे साम्य आहे. चारीतून एका वेळी वाहणारे पाणी ठरलेले असते. वरच्या शेतकऱ्याने दारे अहोरात्र उघडे ठेवले तर शेवटच्या शेतात पाणी पोहोचत नाही. मनोऱ्याला मिळालेल्या रेडिओलहरींचा पट्टाही असाच मर्यादित असतो आणि त्याच्या टापूतील सर्व ग्राहक तो वाटून घेत असतात. एकरी ठोक आकारणीऐवजी पाणी मोजून देण्याचा विचार पाटबंधारे खात्यास जसा करावा लागतो, तसाच तो या कंपन्यांनीही केला. ७ जून २०१० पासून ए. टी. अँड टी.ने नव्या ग्राहकांना अमर्याद योजना देणे थांबविले आणि १५ डॉलरला २०० एमबी व २५ डॉलरला २ जीबी असे माप लावले. ७ जुलै २०११ रोजी व्हेरायझन कंपनीने तोच मार्ग धरला. तिचे दर २ जीबीस ३०, ५ जीबीस ५० आणि १० जीबीस ८० डॉलर असे होते. जुन्या ग्राहकांची योजना मात्र तूर्त चालू ठेवण्यात आली.

जुन्यांचा हक्क राखून नव्यांना नवा नियम लावण्याच्या या पद्धतीस अमेरिकेत आजोबांच्या नावाने ओळखतात. या नावाचा उगम कटू आहे. दक्षिणेकडील काही राज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी कडक अटी घातल्या आणि ज्यांचे बापजादे १८६७ पूर्वी मतदार होते त्यांना त्या अटींतून सूट दिली. १९१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी तरतूद रद्द ठरविली. शब्द मात्र व्यवहारात राहून गेला.

सवलतीच्या पोटातील करार

त्या काळी अमेरिकेत फोन आणि सेवा यांची विक्री एकत्र होत असे. २०१२ च्या सप्टेंबरात आलेला आयफोन ५ घ्या. १६ जीबीच्या या फोनची पूर्ण किंमत ६४९ डॉलर होती. दोन वर्षांच्या करारावर सही करणाऱ्यास तो १९९ डॉलरला मिळे. वरचे ४५० डॉलर कंपनी सोशी आणि २४ महिन्यांच्या बिलांतून वसूल करी. मुदतीआधी सेवा सोडणाऱ्यास दंड असे. व्हेरायझनकडे स्मार्टफोनसाठी तो सुरुवातीस ३५० डॉलर होता आणि महिन्यागणिक १० डॉलरने उतरत जाई.

मेख येथेच होती. दोन वर्षांनी सवलतीचा नवा फोन घेणे म्हणजे जुना करार वाढविणे नव्हे, तर नवा करार करणे होय. आणि नवा करार कोणत्या योजनेवर करावयाचा हे ठरविण्याचा अधिकार कंपनीकडे होता. २८ जून २०१२ रोजी व्हेरायझनने घरातील सर्व फोनांनी एकच डेटा वाटून घेण्याची नवी योजना अमलात आणली आणि त्याबरोबर स्पष्ट नियम केला : जो जुना ग्राहक सवलतीत फोन घेईल त्याची अमर्याद योजना संपेल, जो पूर्ण किंमत देऊन फोन घेईल त्याची चालू राहील. दुकानात चकचकीत फोन हाती घेऊन सही करणाऱ्या माणसास आपण ४५० डॉलरच्या सवलतीच्या बदल्यात मिरास सोडून देत आहोत, याची जाणीव असेलच असे नाही.

मिरास राखण्याचे मार्ग आणि त्यांचा हिशेब

ज्यांना ही जाणीव होती त्यांनी नाना मार्ग शोधले. सर्वांत सरळ मार्ग पूर्ण किमतीचा फोन घेण्याचा. दुसरा, कोणी वापरून विकलेला फोन घेऊन त्यात आपल्या क्रमांकाची सेवा सुरू करून घेण्याचा. तिसरा मार्ग कुटुंबाचे एकत्र खाते असलेल्यांसाठी होता. घरातील ज्या क्रमांकावर अमर्याद योजना नव्हती त्या क्रमांकावर सवलतीचा फोन घ्यावयाचा आणि मग तो अमर्याद योजनेच्या क्रमांकावर वापरावयाचा. ही पळवाट कंपनीच्या वेळोवेळच्या नियमांवर अवलंबून असल्याने बेभरवशाची होती.

परंतु मिरास राखणे प्रत्येकास फायद्याचे होते काय? याचे उत्तर भावनेने न देता आकड्यांनी द्यावयास हवे. व्हेरायझनच्या २०१२ च्या योजनेत प्रत्येक स्मार्टफोनमागे ४० डॉलर आणि त्याखेरीज डेटासाठी २ जीबीस ६०, ४ जीबीस ७०, असे चढत जाऊन १० जीबीस १०० डॉलर दरमहा पडत. म्हणजे २ जीबी वापरणारा व १० जीबी वापरणारा यांच्या बिलांत महिन्यास ४० डॉलरचा, दोन वर्षांत ९६० डॉलरचा फरक होता. १० जीबी वापरणाऱ्याने फोनसाठी ४५० डॉलर अधिक मोजले तरी तो शहाणा ठरे. ज्याचा वापर २ जीबीच्या आतच होता, त्याने मात्र केवळ 'अमर्याद' या शब्दाच्या मोहाने ४५० डॉलर गमावले असे म्हणावे लागेल. विहिरीत पाणी किती, याइतकेच आपली मोट किती उपसते हेही पाहिले पाहिजे.

शब्द राहिला, अर्थ आटला

मिरास राखली तरी तिचा उपभोग निर्वेध नव्हता. ए. टी. अँड टी.ने १ ऑक्टोबर २०११ पासून सर्वाधिक डेटा वापरणाऱ्या अमर्याद ग्राहकांचा वेग उतरविण्यास आरंभ केला. २०१२ च्या मार्चमध्ये त्याची मर्यादा ३-जी फोनसाठी ३ जीबी व नव्या ४-जी फोनसाठी ५ जीबी अशी जाहीर झाली. डेटा अमर्याद, पण ही रेषा ओलांडली की वेग असा, की चित्रफीत हलू नये! त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका सामान्य ग्राहकाने लहान दाव्यांच्या न्यायालयात स्वतःच आपली बाजू मांडून कंपनीविरुद्ध ८५० डॉलरचा निकाल मिळविला. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात तेथील संघीय व्यापार आयोगाने कंपनीवर दावा दाखल केला. किमान ३५ लाख ग्राहकांचा वेग कमी केला गेला, असे आयोगाचे म्हणणे होते. ५ नोव्हेंबर २०१९ रोजी ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि असे निर्बंध ठळकपणे सांगितल्याखेरीज 'अमर्याद' अशी जाहिरात न करण्याचे बंधन कंपनीने स्वीकारले.

व्हेरायझननेही २०१४ मध्ये ४-जी सेवेवरील अमर्याद ग्राहकांचा वेग उतरविण्याचा मनसुबा जाहीर केला होता. दळणवळण आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष टॉम व्हीलर यांनी पत्र लिहून जाब विचारल्यावर ऑक्टोबरात तो सोडून देण्यात आला. योजनेची किंमत मात्र कंपनीच्या हाती होती. २०१५ च्या नोव्हेंबरपासून, कराराची मुदत संपलेल्या अमर्याद ग्राहकांचा डेटा आकार तिने महिन्यास २० डॉलरने वाढविला. आणि २०१६ मध्ये, महिन्यास १०० जीबीहून पुष्कळ अधिक डेटा वापरणाऱ्यांना मापाची योजना स्वीकारण्यास अथवा सेवा सोडण्यास सांगितले. मिरासदाराचा हक्क परंपरेने दृढ झालेला असे; या ग्राहकांचा हक्क महिन्यागणिक नव्याने उगवत होता, हा भेद येथे उघड झाला.

अखेरीस स्पर्धेने चक्र फिरविले. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी अमर्याद योजना पुढे केल्यामुळे १३ फेब्रुवारी २०१७ रोजी व्हेरायझनने स्वतःच नवी अमर्याद योजना विक्रीस काढली. एका फोनसाठी दरमहा ८० डॉलर आणि २२ जीबीनंतर मनोऱ्यावर गर्दी असल्यास वेगात मागचा क्रमांक, अशी तिची बोली होती. जो शब्द सहा वर्षे जिवापाड जपला गेला, तो पुन्हा बाजारात आला. पण मर्यादेचे कुंपण घेऊनच.

आपल्याकडील स्थिती

आपल्याकडे सिमकार्ड व फोन बहुधा निरनिराळे विकले जातात. योजना सिमकार्डाशी, म्हणजे क्रमांकाशी, जोडलेली असते. त्यामुळे दुकानातून नवा फोन घेऊन जुने सिमकार्ड त्यात बसविले की चालू रिचार्जला धक्का लागत नाही. याला अपवाद घडले आहेत. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून घेऊन सेवेशी बांधलेले फोन घरोघरी पोहोचविले होते. २०१७ मध्ये आलेला जिओफोनही १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर मिळे आणि त्यात केवळ त्याच कंपनीचे सिमकार्ड चाले. फोन स्वस्त वा फुकट मिळतो तेव्हा तो कोणत्या खुंटीला बांधलेला आहे, हे पाहिले पाहिजे.

२० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. या सोयीचाही नेमका अर्थ ध्यानात घ्यावा. क्रमांक ग्राहकाबरोबर जातो. योजना जात नाही आणि शिल्लक रक्कमही मागे राहते. दरांच्या बाबतीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने ग्राहकास एक कवच दिले. योजनेत दाखल झाल्यापासून किमान ६ महिने, आणि विशिष्ट मुदतीसाठी एकरकमी आगाऊ पैसे भरले असल्यास त्या मुदतीपर्यंत, मान्य केलेल्या अटी कंपनीने पाळावयाच्या, असा त्याचा आशय आहे. २०२४ च्या जुलैमधील दरवाढीपूर्वी अनेकांनी आगाऊ रिचार्ज करून ठेवले, ते याच व्यवहारज्ञानाने. त्याच वेळी दोन प्रमुख खासगी कंपन्यांनी अमर्याद ५-जीची सोय दररोज २ जीबी वा अधिक डेटाच्या योजनांपुरती मर्यादित केली. अमर्याद म्हणून घेतलेल्या रिचार्जमध्ये पुष्कळदा कॉल अमर्याद असतात, डेटास मात्र दैनिक मर्यादा असते. ती संपली की वेग इतका मंदावतो, की शाळेतील मुलांना धड्याची चित्रफीत दाखविणे वा ग्रामपंचायतीचा दाखला संगणकावर चढविणे अशक्य व्हावे.

म्हणून फोन वा योजना बदलण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. गेल्या तीन महिन्यांत आपला खरा वापर किती झाला, हे फोनच्या सेटिंगमध्येच पाहता येते. नव्या फोनच्या सवलतीसोबत कोणती योजना व किती मुदत गळ्यात पडते, हे लेखी विचारावे. आणि 'अमर्याद' या शब्दाच्या मागे बारीक अक्षरांत जे लिहिलेले असते ते सही करण्यापूर्वी, शक्य तर घरातील शिकलेल्या मुलीकडून वा मुलाकडून, वाचून घ्यावे. शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी गावकऱ्यांना एवढे समजावून दिले, तर तेवढी दक्षता केवळ फोनच्या दुकानात नव्हे, तर बियाणाच्या, कर्जाच्या आणि विम्याच्या कागदावरही उपयोगी पडेल. सवलत देणारा काय देतो हे सर्वांस दिसते. तो काय काढून घेतो हे कागद वाचणाऱ्यासच दिसते.