एसएसडी मंदावली? आधी रिकामी जागा बघा



सिल्वासातल्या कारखान्याची कचेरी असो,
की मुलांचा अभ्यासाचा लॅपटॉप…
एसएसडी बसवली, की कॉम्प्युटर पळू लागतो.
आणि काही महिन्यांनी तोच रेंगाळतो.

अशा वेळी आधी रिकामी जागा बघा.

एसएसडीत जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही.
आधी पुसायचं… मग लिहायचं.
ड्राइव्ह काठोकाठ भरली,
की ही पुसापुशी ऐन कामाच्या वेळी होते.
वेग पडतो.

म्हणून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा.
विंडोजमधलं ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज चालू आहे ना, तेही पाहा.
कुठला मजकूर आता नको,
हे ते ड्राइव्हला कळवतं.

पुन्हा सांगते, आधी रिकामी जागा.

जागा भरपूर आहे, तरी संथ?
मग हात लावून बघा… मशिन तापलंय का?
एनव्हीएमई प्रकारची एसएसडी फार तापली, की स्वतःच वेग कमी करते.
आपल्याकडची मे महिन्यातली दुपार
तुम्हाला वेगळी सांगायला नको!
लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

जुन्या मशिनमधला साटा पोर्ट, म्हणजे ड्राइव्ह जिथे जोडतात ती जागा, हाही वेग अडवतो.
त्यात ड्राइव्हचा दोष नाही.

फाइली उघडताना सारख्या चुका येत असतील,
तर मात्र थांबा.
आधी सगळ्याची प्रत दुसरीकडे घ्या,
आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे जा.