ऊन पाण्याच्या चौकात चार दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्याकडे गावाच्या मधोमध चौक असतो. चौकात पार असतो, मारुतीचं देऊळ असतं, संध्याकाळी गप्पा मारत बसलेली चार म्हातारी माणसं असतात. इटलीतल्या टस्कनी प्रांतात बान्यो विन्योनी नावाचं एक चिमुकलं गाव आहे. तिथेही मधोमध चौक आहे, फक्त त्या चौकात फरशीच्या जागी पाणी आहे. सुमारे ४९ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद असं दगडी कुंड, त्याच्या चारी बाजूंना जुनी दगडी घरं आणि कुंडाच्या तळातून वर येणारं गरम पाणी. थंडीच्या दिवसांत सकाळी पाहावं तर सगळ्या चौकावर वाफ तरंगत असते. आज मला या गावाबद्दल बोलायचं आहे, आणि त्या निमित्ताने विश्रांतीबद्दल.

सिएना शहरापासून दक्षिणेला मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर हे गाव आहे. व्हाल दॉर्चा, म्हणजे ऑर्चा नदीचं खोरं, असं या भागाचं नाव. गोलसर टेकड्या, त्यांवर गव्हाची शेतं, कडेने उभी असलेली सुरूसारखी उंच सायप्रसची झाडं. हे खोरं २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. क्षितिजावर मोन्ते आमियाता नावाचा डोंगर दिसतो. उंची १७३८ मीटर. हा एके काळचा ज्वालामुखी. आता तो शांत आहे, पण त्याच्या पोटातली ऊब अजून गेलेली नाही. पावसाचं पाणी जमिनीत खोल मुरतं, तिथे तापतं आणि खडकातल्या भेगांमधून पुन्हा वर येतं. बान्यो विन्योनीच्या झऱ्याशी ते सुमारे ५० अंश सेल्सियस असतं. याच टस्कनीत लार्देरेल्लो नावाच्या ठिकाणी १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर विजेचे दिवे लावून दाखवले होते. जगातला तो पहिलाच प्रयोग. तेव्हा इथल्या जमिनीखाली चूल पेटलेली आहे असं म्हटलं तरी चालेल.

चौकातल्या कुंडात उतरायला मात्र आता बंदी आहे. त्याच्या कठड्यावर बसावं आणि नुसतं पाहावं. हेच पाणी आसपासच्या हॉटेलांच्या तलावांत खेळवलेलं आहे. उरलेलं पाणी दगडी पाटांमधून गावाच्या कडेला जातं आणि कड्यावरून खाली पडतं. त्या कड्यात खोदून काढलेल्या चार जुन्या पाणगिरण्या आहेत. उन्हाळ्यात इतर ओढे आटले की बाकीच्या गिरण्या बंद पडत. इथला झरा आटत नसे, म्हणून दळण बारा महिने चालू राही. आता गिरण्या थांबल्या आहेत. येणारे-जाणारे लोक पाटाच्या काठावर बसतात, बूट-मोजे काढतात आणि पाय पाण्यात सोडतात. त्याला तिकीट नाही.

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. माझ्या सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांना उचलणं, कुशीवर वळवणं, भरवणं, रात्री दोनदा उठणं हे सगळं माझ्याकडे होतं. घरातली माणसं चांगली, कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. पण दिवसाचं घड्याळ माझ्या अंगावर बांधलेलं होतं. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. त्यानंतर वर्ष उलटलं तरी माझा उजवा खांदा वर जाईना आणि रात्री दोन वाजता जाग आल्याशिवाय राहीना. माझी मुलगी मिलानला नोकरी करते. ती म्हणाली, ‘‘आई, इकडे ये. पण व्हेनिस-रोम काही दाखवणार नाही. चार दिवस तुला एका जागी बसवणार आहे.’’ २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही मायलेकी बान्यो विन्योनीला गेलो.

हॉटेल गावाच्या कडेला, टेकडीच्या उतारावर होतं. खोलीतून समोर दरी आणि पलीकडच्या टेकडीवर एका जुन्या किल्ल्याचा बुरूज. खोलीत दोन जाडजूड पांढरे झगे टांगलेले. इथे पाहुणे दिवसभर तोच झगा घालून हिंडतात, नाश्त्यालाही आणि बागेतही. पहिल्यांदा मला फार अवघडल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की, वकील असो की कारकून, झग्यात सगळे सारखेच दिसतात. तलावात उतरताना डोक्याला टोपी सक्तीची. मी गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा पोहण्याचा पोशाख नेला होता. कुणी वळूनही पाहिलं नाही.

तलावाचा अर्धा भाग छपराखाली आणि अर्धा उघड्यावर. पाणी झऱ्यापासून इथवर येताना थोडं निवतं, अंगाला सोसेल इतकं होतं. बाहेर हवा गार, मानेपर्यंत पाणी ऊन आणि समोर सगळी दरी. माणूस मानेपर्यंत पाण्यात उभा राहिला की पायांवर त्याच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. हे पुस्तकातलं ज्ञान मला होतं. पण सहा महिने न उचलला गेलेला हात पाण्यात आपोआप तरंगत वर आला, तेव्हा त्याचा अर्थ कळला. मी त्या हाताकडे परक्यासारखी पाहत राहिले.

तरी पहिल्या दिवशी मी चारदा खोलीत जाऊन फोन पाहून आले. कुणाचा फोन यायचा नव्हता. जेवताना घड्याळाकडे लक्ष, बागेत बसले तर हाताला काहीतरी काम हवं. नाश्त्याच्या टेबलावरचे सांडलेले कण मी गोळा करायला लागले, तर वाढणाऱ्या मुलाने हसत माझ्या हातातून रुमाल काढून घेतला.

जेवणाचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की, ही बाई चार दिवस पाणीच पीत होती का? या भागात पीची नावाचा पास्ता करतात. कणीक भिजवून हाताने पोळपाटावर वळायची आणि जाड दोरीसारखी लांबवायची. आपल्या हातशेवयांची थोरली बहीणच म्हणा ना. त्यावर टोमॅटो आणि भरपूर लसूण. पियेंझा गावचं मेंढीच्या दुधाचं चीज जवळच मिळतं. पाव मात्र अगदी अळणी. टस्कनीत पावात मीठ घालतच नाहीत. पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नव्हता, तिसऱ्या दिवशी आवडायला लागला.

दुसऱ्या दिवशी तलावात एका आजींची ओळख झाली. वय ऐंशीच्या आसपास. काठी काठावर ठेवून त्या कठड्याला धरून पाण्यात चालत होत्या. माझ्या मुलीने दुभाष्याचं काम केलं. त्यांच्या नवऱ्याला स्मृतिभ्रंश आहे. सात वर्षं त्या त्यांचं सगळं करतात. दरवर्षी वसंत ऋतूत त्या दोन आठवडे किआंचानो गावी जलोपचारांना जातात. तेवढे दिवस मुलगा रजा घेऊन वडिलांपाशी राहतो. ऑक्टोबरात दोन दिवस त्या इथे येतात, ते मात्र केवळ सुखासाठी.

मला वाटलं, बाई पैसेवाली असणार. पण त्यांनी सांगितलं ते ऐकून मी चकित झाले. इटलीत १९७८ साली सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. सांधेदुखी, श्वसनाचे काही विकार, त्वचेचे काही आजार अशा ठरावीक तक्रारींसाठी डॉक्टरने चिठ्ठी दिली, तर वर्षातून एकदा जलोपचारांचा एक क्रम या सेवेतून मिळतो. बहुधा बारा बैठकांचा. रुग्णाने थोडी रक्कम भरायची, राहण्या-जेवणाचा खर्च मात्र स्वतःचा. म्हणजे ऊन पाण्यात बसणं ही तिथे नुसती श्रीमंतांची चैन नाही, औषधाच्या बाटलीसारखी ती चिठ्ठीवर लिहून मिळते.

मग आजींनी मला विचारलं, ‘‘तुझी सासू आजारी होती, तेव्हा तू कुठे जात होतीस?’’

मी म्हटलं, ‘‘कुठे म्हणजे? कुठेच नाही.’’

‘‘मग तुझ्या जागी कोण बसायचं?’’

‘‘कुणी नाही. मीच.’’

त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मुलीला काहीतरी म्हणाल्या. मुलीने ते मला लगेच सांगितलं नाही. रात्री जेवताना सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, ‘‘म्हणजे त्या घरात दोन आजारी बायका होत्या.’’

या गावाची एक जुनी गोष्ट आहे. चौकातल्या कुंडाच्या एका बाजूला कमानींची ओवरी आहे. ती सिएनाच्या संत कॅथरिनच्या नावाची. कॅथरिनचा जन्म १३४७ चा. तिला संन्यस्त जीवन हवं होतं आणि घरच्यांना तिचं लग्न. पोरीचं मन जरा रमावं, तब्येत सुधारावी म्हणून तिची आई लापा तिला या ऊन पाण्याच्या कुंडावर घेऊन आली. तिच्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे की, कॅथरिन पाण्यात उतरली आणि जिथे सर्वांत कढत पाणी आत येत होतं, नेमकी तिथे जाऊन उभी राहिली. सुखासाठी आणलेल्या जागेचंही तिने तप करून टाकलं. पुढे ती थोर झाली. पोपना खरमरीत पत्रं लिहिली, आज ती इटलीच्या रक्षक संतांपैकी एक मानली जाते. पण १३८० साली अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ती गेली.

ओवरीत बसून मुलीने मला ही गोष्ट सांगितली, तेव्हा मला आमच्या घरातल्या कितीतरी बायका आठवल्या. पंगत उठल्यावर गार वरणभात जेवणाऱ्या. माहेरपणाला येऊन भावाच्या घरची भांडी घासणाऱ्या. तापात उठून ‘‘मला काही झालेलं नाही’’ म्हणणाऱ्या. सुखाच्या जागीही कढत पाण्याची धार शोधून तिच्याखाली उभं राहायची सवय आपल्याकडे संतांपुरती राहिलेली नाही. मला त्या लापाबाईंबद्दल मात्र फार वाटलं. पोरीला जरा बरं वाटावं, एवढंच त्या आईला हवं होतं.

माणसं या पाण्यांकडे शतकानुशतकं येत आली आहेत. फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो द मेदिची बान्यो विन्योनीला येऊन गेला. फ्रेंच लेखक मोंतेन्य मूतखड्याने हैराण होऊन १५८१ साली टस्कनीतल्याच लुक्काजवळच्या झऱ्यांवर राहिला. किती पाणी प्यायलो, किती वेळ डुंबलो, याचा हिशेब त्याने रोजनिशीत टिपून ठेवला आहे. आणि गंमत म्हणजे तिथेच त्याला बातमी आली की, आपल्याला बोर्दो शहराचा महापौर निवडलं आहे! कामं माणसाला शोधत येतात, ती अशी. अलीकडच्या काळात रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्की यांनी १९८३ च्या ‘नोस्ताल्गिया’ या चित्रपटात बान्यो विन्योनीचं कुंड जगाला दाखवलं.

आता कुणी विचारेल, या पाण्याने खरंच काय होतं? तिथल्या डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं. उबेने स्नायू सैलावतात, पाण्यात वजन हलकं झाल्याने आखडलेला सांधा न दुखता हलवता येतो आणि झोप सुधारते. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. हृदयविकार असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. बाहेर आल्यावर पाणी प्यावं आणि अर्धा तास पडून राहावं. खांद्याचे व्यायाम घरी गेल्यावरही सोडू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. चमत्काराची भाषा कुणी केली नाही. त्या अर्ध्या तासाच्या पडून राहण्याला तिथे उपचाराइतकंच महत्त्व होतं. वेळापत्रकात तो छापलेला होता.

तिसऱ्या रात्री मला दोन वाजता जाग आली नाही. सकाळी उठले तेव्हा मुलगी नाश्ता करून आली होती.

ऊन पाणी आपल्याकडेही आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी आहे, कोकणात तुरळ आहे, राजापूर आहे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे तर नावातच ऊन पाणी घेऊन बसलं आहे. आपण तिथे जातो, स्नान करतो, देवाला नमस्कार करतो आणि गाडी पकडतो. पाणी मिळतं, पण थांबणं राहून जातं. शिवाय थांबायचं तर घरी कुणीतरी हवं. माझ्या मते खरी अडचण पाण्याची किंवा पैशाचीही नाही. आपल्या जागी बसणारं माणूस नाही, ही आहे. त्या आजींचं दोन आठवड्यांचं सुख त्यांच्या मुलाच्या रजेवर उभं होतं.

परत आल्यावर मी एक लहानसं काम सुरू केलं आहे. आमच्या इमारतीत एका बाईंचे यजमान पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. दर गुरुवारी दुपारी दोन ते सहा मी त्यांच्यापाशी बसते. पेपर वाचून दाखवते, चार वाजता चहा देते, औषधाची वेळ सांभाळते. बाईंना पहिल्या गुरुवारी कुठे जायचं ते सुचेना, त्या जिन्यातच उभ्या राहिल्या. दुसऱ्या गुरुवारी भाजी घेऊन आल्या. आता त्या बहिणीकडे जातात आणि तिथे झोपतात. नुसत्या झोपतात. मंगळवारसाठी वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर तयार झाले आहेत. तुमच्याही शेजारी असं एखादं घर असेल. तिथल्या माणसाला ‘‘काही लागलं तर सांगा’’ असं म्हणू नका, ते कधी सांगत नाहीत. वार आणि वेळ ठरवा आणि जाऊन बसा.