'कंदिसा' आणि घरातला 'कुद्दूस'

संयोजकांनी मला 'संगीत आणि सलोखा' हा विषय दिला होता. तो मी थोडा बदलून घेतलाय. सलोख्याचे कार्यक्रम आपण पुष्कळ पाहतो. एकाला टोपी, एकाला फेटा, एकाच्या गळ्यात क्रॉस, सगळे हात धरून उभे आणि मागं गाणं. त्यात कुणालाच कुणाकडून काही शिकावं लागत नाही. म्हणून आज मी दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडविषयी बोलणार आहे. या लोकांनी दुसऱ्याकडचं खरोखर शिकून घेतलं.

सुश्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये हा बँड सुरू केला. सुश्मितच्या गिटारमधून कधी सतार आठवते, कधी सरोद. अशीम तबला वाजवता वाजवता गायचे. पुढं बास गिटारवर राहुल राम आले, ड्रम्सवर अमित किलम. रॉक, जॅझ, शास्त्रीय, लोकगीतं, सगळं त्यात आहे. पण हा तुकडा रॉकचा, तो रागाचा, असं वेगळं काढून दाखवता येत नाही.

राहुल राम अमेरिकेत पीएचडी करून आले आणि नर्मदा बचाव आंदोलनात गेले. आपल्या अक्कलकुवा-अक्राणीकडची गावं ज्या धरणात बुडाली, त्याविरुद्धचं आंदोलन. त्या खोऱ्यातलं गाणं त्यांनी बरोबर आणलं आणि बँडचं 'मा रेवा' झालं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते 'कंदिसा'वर. २००० साली आलेल्या अल्बमचं हे शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. चौघांपैकी कुणाचीच ती भाषा नव्हे. तुम्ही म्हणाल, मग आपलाही काय संबंध? शब्द नीट ऐका. 'कंदिसा' म्हणजे पवित्र. अरामी आणि अरबी एकाच कुटुंबातल्या भाषा, आणि या शब्दाचं मूळ दोन्हींत एकच आहे. अल्लाहच्या नावांतलं 'अल-कुद्दूस', जेरुसलेमला आपण म्हणतो ते 'बैतुल मुकद्दस', दादीच्या तोंडचा 'मुकद्दस महिना', ही सगळी त्याच मुळाची फळं. केरळच्या चर्चमधला शब्द तुमच्या घरात आधीपासूनच राहतोय. तो ओळखायला कुणालाही आपला धर्म बाजूला ठेवावा लागत नाही.

२००३ च्या 'झीनी'मध्ये कबीर आहेत. मालेगाव-भिवंडीच्या ज्या मुलांच्या घरात मागाचा खडखडाट चालतो, त्यांना कबीरांची चादर कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता अवघड गाणं. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवर अनुराग कश्यप यांनी 'ब्लॅक फ्रायडे' काढला. संगीत इंडियन ओशनचं, आणि त्यातलं 'बंदे' लिहिलं पीयूष मिश्रांनी. सिनेमा कोर्टात अडकला, थिएटरात यायला २००७ उजाडलं. त्या वर्षाविषयी आपल्याकडं चमत्कारिक वाटणी झालीय. बाहेर आपल्याला फक्त मार्चविषयी विचारतात, आणि घरात आपण फक्त त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीविषयी बोलतो, तेही हळू आवाजात. 'बंदे' कुणाचा वकील होत नाही. ते माणसाला हाक मारून थांबवू पाहतं. दोन्हीकडच्या मयतांसाठी एकत्र रडायची जागा मला त्या गाण्यात मिळाली, ती भाषणांत मिळाली नव्हती.

स्वतंत्र बँड म्हणजे पैशाची चणचण, हेही सांगतो. तरी २०१० मध्ये त्यांनी नव्या अल्बमची गाणी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली. अल्बमला नाव दिलं '१६/३३० खजूर रोड', म्हणजे करोल बागेतल्या ज्या घरात ते सराव करायचे त्याचा पत्ता. अशीम तोवर गेले होते, २००९ च्या डिसेंबरात. त्यांच्या जागी दोघं आले, तबल्याला तुहीन आणि गायला हिमांशू.

तुमच्यातले काही रॅप करतात, काहींच्या घरात कव्वाली आहे. त्यांच्याशी नंतर चहावर बोलू. आधी 'कंदिसा' लावू या. मोबाइल तेवढे बंद करा, आणि तो शब्द कितीदा येतो ते मोजा.